हप्ता चुकलेल्यांचे हितचिंतक

कर्ज काढताना मराठी माणूस चारचौघांना विचारतो, कर्ज मंजूर झालं की चाळीस जणांना पेढे वाटतो, आणि कर्ज फिटेनासं झालं की एकालाही सांगत नाही. गृहकर्जाला समाजात मान आहे. वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर असलेला मुलगा लग्नाच्या बाजारात 'स्वतःचा फ्लॅट' म्हणून खपतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीबद्दल मात्र घरात अवाक्षर निघत नाही. फोन वाजला की माणूस गॅलरीत जातो, तिथून जिन्यात आणि जिन्यातून गच्चीवर. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर संध्याकाळी इतकी मंडळी हलक्या आवाजात फोनवर बोलत फिरत असतात की मला बरेच दिवस वाटायचं, सगळ्यांची लफडी चालू आहेत. चालू होतीच, पण बँकांशी.

आमचे डोंबिवलीचे साडूही असेच गच्चीवर जायला लागले, तेव्हा मेव्हणीला भलताच संशय आला. खरं प्रकरण कळल्यावर ती म्हणाली, "त्यापेक्षा तेच परवडलं असतं."

साडू उधळे नाहीत. पितात तो चहा, आणि खेळतात ते कॅरम. पण त्यांनी आधी 'नो कॉस्ट ईएमआय'वर फोन घेतला, मग टीव्ही घेतला, मग मुलीच्या क्लासची फी कार्डावर टाकली. कार्डाचं बिल भरायला दुसरं कार्ड काढलं, दोन्हींसाठी पर्सनल लोन, आणि पर्सनल लोनचा हप्ता चुकायला लागल्यावर मोबाइलवरचं पाच मिनिटांत पैसे देणारं अ‍ॅप. या सगळ्या काळात त्यांचा एक बाणा कायम होता. "मी एक दिवस उशीर करत नाही. दर महिन्याला मिनिमम ड्यू भरतो," असं ते छाती पुढे काढून सांगत.

या मिनिमम ड्यूचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. कार्डावर १ लाख रुपये बाकी आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे असं धरा. महिन्याचं व्याज झालं ३,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. म्हणजे ४,१३० रुपये गेले. तुम्ही पाच टक्के म्हणून ५,००० भरलेत. मुद्दल उतरलं ८७० रुपये. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, अशी सूचना बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेनं कार्ड कंपन्यांना लावलेलं आहे. त्या ती इमानेइतबारे छापतात. ज्यांचा चष्म्याचा नंबर बरोबर आहे त्यांना ती दिसतेही.

प्रकरण बाहेर फुटल्यावर घरात पहिली फेरी फुकट सल्लागारांची झाली. थोरले काका म्हणाले, सोनं मोडा. सोनं मेव्हणीचं होतं. पुण्याच्या आत्या म्हणाल्या, "मी तर बाई कार्डच ठेवत नाही." हा सल्ला नव्हता, पण दोनदा सांगितला. एका मामेभावाने भिशी लावायला सांगितलं आणि पहिला नंबर साडूंना मिळवून देण्याची हमी घेतली. एमबीए झालेला भाचा 'कन्सॉलिडेट करा' एवढंच म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला. सासऱ्यांनी आपल्या काळी पतपेढीच्या कर्जाला दोन जामीनदार कसे लागायचे ते सांगितलं, आणि तेवढ्यात हजर असलेले दोन संभाव्य जामीनदार चपला शोधू लागले.

मात्र घरातल्या माणसांआधी साडूंची अडचण त्यांच्या फोनला कळली होती. रील्समधून सुटातले तरुण त्यांना हाका मारायला लागले. 'ईएमआय भरता येत नाही? टेन्शन घेऊ नका!' 'सत्तर टक्क्यांपर्यंत कर्जमाफी!' 'रिकव्हरी एजंटचे फोन आजपासून बंद!' कर्जमाफी हा शब्द महाराष्ट्रात निवडणुकीच्या तोंडावर ऐकायची सवय असलेल्या साडूंना ती बिनमतदानाची मिळतेय म्हटल्यावर भरून आलं. त्यांनी फॉर्म भरला आणि सोबतीला मला घेऊन घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत गेले.

कचेरी थंडगार होती. भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं, एका नटाबरोबर मालकांचा फोटो (नट दुसरीकडे बघत होता) आणि कोपऱ्यात एक पितळी घंटा. कुणाचं कर्ज 'सेटल' झालं की ती वाजवतात, असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. आम्ही तासभर होतो, घंटेवरची धूळ हलली नाही. मुलीनं दोघांच्या हातात पाण्याची एकेक छोटी बाटली दिली आणि माझ्या लक्षात आलं की साडू तिथेच हरले. गेले कित्येक महिने प्रत्येक जण त्यांच्याकडे काहीतरी मागत होता. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्यांना काहीतरी देत होतं.

'सीनियर डेट रिलीफ एक्स्पर्ट' आले. मिसरूड नुकतं फुटलेलं.

"टोटल आउटस्टँडिंग किती, सर?"

"साडेसहा लाख."

कॅल्क्युलेटरवर बोटं फिरली. "तीनमध्ये मिटवून टाकू."

पगार किती, घरात खाणारी तोंडं किती, कुठल्या कर्जाला काय व्याज, किती हप्ते थकले, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. पथ्यं मात्र भराभर सांगितली. आजपासून सगळे हप्ते बंद. बँकेच्या फोनला उत्तर नाही. दरमहा आठ हजार आमच्याकडे. इथे, इथे आणि इथे सही.

"हे आठ हजार बँकेत जातात का?" मी विचारलं.

"नाही सर, ती आमची सबस्क्रिप्शन."

"बँक ऐकली नाही तर?"

"ऐकतेच, सर."

"आणि कोर्टाची नोटीस आली तर?"

"आपली लीगल टीम आहे ना." त्याने काचेपलीकडे हात केला. लीगल टीम वडापाव खात होती.

वर्षाला ९६ हजार रुपये आणि त्यातला एक रुपया कर्जात जमा नाही. उलट हप्ते बंद केल्यावर व्याज आणि दंड चढत राहतात, ९० दिवसांनी खातं थकीत म्हणून एनपीएत जातं, आणि दिलेला चेक किंवा बँकेतून आपोआप जाणारा हप्ता पैशांअभावी परतला तर त्यासाठी फौजदारी तक्रारीची तरतूद कायद्यात आहे. त्या कोर्टात साडू उभे राहणार, सीनियर एक्स्पर्ट नव्हे. आणि समजा तडजोड झालीच, तरी क्रेडिट रिपोर्टात 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' असा शेरा बसतो. पुढचं कर्ज मागायला गेलं की बँकवाला आधी तोच शेरा वाचतो. हे त्या थंडगार खोलीत कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगितलं तर बाटलीचे पैसेही निघत नाहीत.

गंमत म्हणजे तडजोडीसाठी मध्यस्थ लागतच नाही. अशा तडजोडींबाबत प्रत्येक बँकेचं संचालक मंडळानं मंजूर केलेलं धोरण असलं पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेनं जून २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. नोकरी गेली, आजारपण आलं, तर हप्ता कमी करून मुदत वाढवून मागता येते. कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळते का ते विचारता येतं. खर्च एका कोऱ्या कागदाचा. पण बँकेत स्वतः जायचं म्हणजे काउंटरवरच्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. तो भिडवावा लागू नये म्हणून माणूस आठ हजार मोजायला तयार होतो. या धंद्याचं भांडवल तेवढंच आहे: आपली लाज.

भिंतीवरच्या प्रमाणपत्रांचंही बघून घेऊ. 'आरबीआय मान्यताप्राप्त' अशी पाटी दिसली की तिथूनच मागे वळावं, कारण कर्जाची तडजोड करून देणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँक परवाना देत नाही. कंपनी म्हणून नोंदणी झाली म्हणजे कंपनी अस्तित्वात आहे एवढंच सिद्ध होतं. राहिला जीएसटी नंबर. तो आमच्या कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याकडेही आहे, आणि त्याची तर्री या मंडळींच्या शब्दापेक्षा जास्त भरवशाची आहे.

याच धंद्याची दुसरी पाती म्हणजे 'सिबिल साफ करून देणारे'. सिबिल ही आता मराठी घरातली नवी कुंडली झाली आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरला मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून ठरत आलेलं लग्न मोडल्याची बातमी आली होती. छत्तीस गुण जुळून उपयोग नाही, आता साडेसातशे लागतात. मग कुंडली दुरुस्त करणारेही आलेच. 'पंधरा दिवसांत स्कोअर ८००, फी फक्त पाच हजार.' खरी माहिती कुणीही पुसू शकत नाही. खोटी किंवा चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला पैसेच लागत नाहीत. देशात कर्जफेडीची अशी माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा तुमचा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम आहे. चुकीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. म्हणजे ज्या कामाला हा सद्गृहस्थ पाच हजार मागतो, ते काम रखडलं तर नियमाने पैसे तुम्हाला मिळायला हवेत.

कर्जदाराला आणि सावकाराला समोरासमोर बसवणारा तिसरा माणूस ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उलटले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत तो आधी लागू झाला. कोर्टात जाण्याआधी तडजोड घडवणाऱ्यापुढे जायचं, सावकारानं पावती द्यायची, हिशेब लेखी द्यायचा, अशा गोष्टी त्यात होत्या. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. दीडशे वर्षांपूर्वी सरकारला जे कळलं होतं ते असं: कर्जात बुडालेल्या माणसाला आधी हिशेब दाखवा, पावती द्या आणि शांतपणे बोलू द्या. आज चिडून रोखे जाळायचे म्हटलं तर सर्व्हर कुठल्या गावी आहे तेही कळत नाही.

आजही तसा तिसरा माणूस आहे. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना आर्थिक साक्षरता आणि पतसमुपदेशन केंद्रांचा आराखडा दिला. त्याच्या आधीच बँक ऑफ इंडियानं मुंबईत 'अभय' नावाचं केंद्र सुरू केलं होतं. २०१२ पासून या केंद्रांना आर्थिक साक्षरता केंद्र म्हणतात. जिल्ह्याच्या लीड बँकेकडे चौकशी केली की पत्ता मिळतो. सल्ला फुकट. कर्ज विकायचं नाही, वसुली करायची नाही, हे मूळ आराखड्यातच होतं. मग या केंद्रांबाहेर रांगा का नाहीत? कारण त्यांचं रील नाही, घंटा नाही आणि नटाचा फोटो नाही. फुकट मिळतं ते रद्दी असणार, ही आपली पक्की समजूत. साडूंनाही तिथे मी जवळजवळ ढकलत नेलं.

एका सरकारी बँकेच्या आवारातली खोली. खडखडणारा पंखा, बँकेचं कॅलेंडर, ओटीपी कुणालाही सांगू नका असं सांगणारं पोस्टर. टेबलामागे निवृत्त बँक अधिकारी. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन बघूनच साडूंचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला.

"घरी माहीत आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"आता आहे," साडू म्हणाले.

"छान. निम्मं काम झालं. सहा महिन्यांची स्टेटमेंटं आणलीत?"

"नाही."

"मग ती घेऊन या. आणि येताना वहिनींनाही आणा."

बाहेर आल्यावर साडू वैतागले. "हा माणूस काही करतच नाही हो!" त्यांचं खरं होतं. त्याने तीन लाखांत मिटवलं नव्हतं, की पाण्याची बाटली दिली नव्हती.

पुढच्या खेपेला त्यांनी फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारून रकाने पाडले. कुणाचं देणं, किती बाकी, व्याज किती, किती महिने थकलं. मग घरखर्च. किराणा, दूध, लाइट बिल, क्लास. लाल पेन 'ओटीटी' या शब्दापाशी थांबलं. "तीन कशाला?" साडूंनी मेव्हणीकडे बघितलं, मेव्हणीने पंख्याकडे. "आणि ही जिम?" जानेवारीत भरलेल्या त्या जिमचा रस्ता साडूंना आठवेना. लाल रेघ.

सगळ्यात जास्त व्याज अ‍ॅपचं निघालं, म्हणून ते आधी संपवायचं ठरलं. कार्डं कात्रीने तिथेच कापली. कार्डांची थकबाकी हप्त्यांत बदलून मिळावी म्हणून दोन्ही कार्ड कंपन्यांना लेखी अर्ज. तो त्यांनी स्वतः, 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत सांगितला आणि साडूंकडून लिहून घेतला. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे, धमकावायला तर कधीच परवानगी नाही, हेही त्यांनी सांगितलं. तसं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याचीही फी नाही. माहितीसाठी नंबर १४४४८.

"आणि हे सगळं फिटणार कधी?" मेव्हणीने विचारलं.

"नीट चाललं तर तीन वर्षं. रक्कम कमी होईल असं मी म्हणणार नाही. ते माझ्या हातात नाही."

साडू हिरमुसले. मला मात्र वाटलं, या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं.

फी घेणारा प्रत्येक जण लबाड असतो असं नाही. कागदपत्रं वाचून सल्ला देणारे सनदधारी वकील आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत. ते फी लेखी सांगतात, पावती देतात आणि बँकेचे पैसे बँकेतच भरायला लावतात. ज्याला तुमच्या कर्जाची रक्कम ऐकून लगेच निम्मा आकडा सुचतो, ज्याला तुमचा हप्ता स्वतःच्या खात्यात हवा असतो, जो कोऱ्या कागदावर सही, ओटीपी किंवा ईमेलचा पासवर्ड मागतो आणि बँकेशी बोलू नका म्हणतो, त्याचा एसी कितीही थंड असला तरी तिथे बसू नये.

कर्जातून बाहेर काढणारा भरवशाचा माणूस कंटाळवाणा असतो, ही खूण पक्की धरा. तो आधी विचारतो आणि नंतर बोलतो. आकडे लिहून देतो, आश्वासन देत नाही, आणि तुम्ही निघताना तुमच्या हातात खुशीपेक्षा काम जास्त असतं. असा माणूस सापडला तर त्याच्यासमोर बसा. पण त्याच्याकडे जाण्याआधी आज संध्याकाळी गच्चीवर न जाता, घरातच, घरच्यांसमोर तो फोन उचला.